ढगांच्या वरची वीज

आकाशाकडे बघण्याचा सरकार आपल्या लेकीला पगार देतं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. "अगं, पण तू तिथे जाऊन नक्की करतेस काय?" असं ती दर भेटीत विचारायची. मी सांगायची की वारा कुठून येतोय ते बघते, ढग कोणते, किती आणि केवढ्या उंचीवर ते बघते, किती लांबचं दिसतंय ते बघते, आणि दर अर्ध्या तासाने ते कळवते. "हे तर मीही करते, कपडे वाळत घालताना," ती म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. फरक इतकाच की तिच्या सांगण्यावरून कुणी विमान खाली उतरवत नव्हतं.

मी काशीची. माहेर संकठा घाटाजवळ आणि सासर दुर्गाघाटाला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. दोन्ही घरं कितीतरी पिढ्यांमागे कोकणातून इथे आली. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात, कारण आम्ही गच्चीला छत म्हणतो, जेवणाला खाना म्हणतो आणि रागावलो की सरळ हिंदीत शिरतो. अशा घरातली सून बाबतपूरच्या विमानतळावर हवामान निरीक्षक झाली. गल्ल्यांमधून मैदागिनपर्यंत पायी आणि पुढे टेंपो, अशी माझी बरीच वर्षं गेली. नोकरीची सगळी हकिगत सांगत बसले तर तुम्ही पान उलटाल, म्हणून एकाच विजेबद्दल सांगणार आहे. तिच्यासाठी थोडं कामाबद्दल सांगावं लागेल.

मला काम शिकवलं मिश्राजींनी. ते आमचे वरिष्ठ, अंगाने सडपातळ आणि बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाहेर अंगणात उभं केलं, चारही दिशा दाखवल्या आणि म्हणाले, "बिटिया, आँख से देखा तो लिखो. कान से सुना तो लिखो. मन से कुछ मत लिखो." मी मान डोलावली. हे सोपं असेल असं तेव्हा वाटलं होतं.

नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. वैशाखातली संध्याकाळ, लग्नसराई जोरात. मी बाहेर उभी असताना उत्तरेकडून गडगडलं. आमच्या कामात गडगडाट ही मोठी गोष्ट आहे. नुसती वीज दिसली आणि आवाज आला नाही, तर ते वादळ दुसऱ्या कुणाचं तरी. पण एकदा गडगडाट कानावर आला की वादळ आपल्या दारात आलं असं धरायचं, मग पावसाचा थेंब पडो न पडो. वैमानिकांना ते लगेच कळवावं लागतं. मी आत पळाले. मिश्राजी कुल्हडमधला चहा पीत होते. ते उठले, बाहेर आले आणि कान देऊन उभे राहिले.

"ज़रा फिर से सुनो," ते म्हणाले.

मी ऐकलं. गडगडत होतंच.

"अब ये बताओ, बादल अपने साथ बैंडबाजा भी लाते हैं क्या?"

भिंतीपलीकडच्या गावात बारात आली होती आणि वरपक्षाची मंडळी फटाके उडवत होती. त्या दिवसापासून कार्यालयात माझं नाव ‘बारातवाली मॅडम’ पडलं, ते मिश्राजी निवृत्त होईपर्यंत टिकलं. मी मात्र एक शिकले. आवाज आला की आधी ढग शोधायचा, आणि वीज चमकली की लगेच घड्याळ बघायचं. चमक आणि आवाज यांच्यामध्ये किती वेळ गेला, यावरून वादळ किती लांब आहे ते कळतं. वीज चमकली की सगळी माणसं वर बघतात. मी मनगटाकडे बघायला लागले.

आमच्याकडे फोनही फार मजेदार यायचे. मदनपुऱ्याकडचे एक चाचा रेशीम रंगवायचे. त्यांचं रंगवलेलं सूत उन्हात वाळायला हवं, म्हणून ते संध्याकाळी फोन करायचे, "बहनजी, कल धूप मिलेगी कि धोखा?" मी जे दिसतंय ते सांगायची, आणि ते दुसऱ्या दिवशी निकाल कळवायचे. माझ्या कामाचा इतका प्रामाणिक तपासनीस मला पुढे कधी भेटला नाही. एका मुलीचे वडील तर कार्यालयातच येऊन बसले. लग्नाचा मांडव उघड्यावर होता. "पंडितजी ने मुहूर्त दे दिया है, अब आप भी दे दीजिए," असं हात जोडून म्हणाले. मुहूर्त द्यायला आमच्या घरात माणसं आहेत, पण ती दुसरी, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. लग्नाच्या दिवशी आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आली की नाही, ते मला अजून माहीत नाही.

एकदा मात्र अंगावर काटा आला. संध्याकाळचं विमान उतरायला येत होतं. वर आकाश जवळजवळ मोकळं, वारा पडलेला, आणि पश्चिमेला क्षितिजावर मातकट रंगाची एक भिंत उभी राहिलेली. आंधी कशी येते ते ज्याने मैदानात उभं राहून पाहिलंय त्याला ती भिंत सांगावी लागत नाही. मी कळवलं. विमान न उतरता लखनौला वळवलं गेलं, आणि न्यायला आलेल्या नातेवाइकांनी मला खिडकीतून ऐकवायला सुरुवात केली. "एक पत्ता नहीं हिल रहा और मॅडम को तूफ़ान दिख रहा है!" ते अजून बोलत होते तोवर दारं आपटली. बाहेरच्या शेडचे पत्रे कागदासारखे उडाले. नंतर कुणी माफी मागितली नाही, चहा मात्र त्यांच्यातल्याच एकाने पाजला.

हे सगळं करताना मला सर्वांत आवडायची ती नोंद ‘वीज दिसते, गडगडाट ऐकू येत नाही’ ही. चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेल्या छोटा नागपूरच्या डोंगरांवर दुपारी वादळं उठतात आणि संध्याकाळी बिहारच्या अंगाला पसरतात. इथे बनारसमध्ये आकाश स्वच्छ, चांदण्या पडलेल्या, आणि पूर्वेला अगदी खाली क्षितिजाशी मुकाट उजेड चमकत असतो. कुणाच्या तरी घरावर पाऊस कोसळत असेल, कुणी खिडक्या लावत असेल, आणि आपल्यापर्यंत त्यातलं काही येत नाही. ती नोंद करताना मला उगीचच घरची आठवण यायची. घरी आमचे हे याच वेळी छतावर बसलेले असत, तोंड त्याच दिशेला करून.

हे संस्कृत पाठशाळेत शिकवायचे. संध्याकाळची संध्या ते छतावर करत. काशीचे सगळे घाट पूर्वेकडे बघतात आणि पलीकडे गंगेच्या दुसऱ्या काठाला तेव्हा वाळूशिवाय काही नव्हतं, त्यामुळे आमच्या छतावरून जो अंधार दिसायचा तसा शहरात दुसरीकडे मिळणार नाही. माकडांच्या त्रासामुळे सगळ्या छतांना जाळ्या आहेत. आमच्या जाळीला पूर्वेकडे एक झडप आहे. संध्या आटोपली की ती उघडून हे बसत. आणि मी बाबतपूरला. घरात सासूबाई होत्या, सकाळचं सोवळ्यातलं सगळं माझ्याकडे होतं, म्हणून मी संध्याकाळची ड्युटी मागून घेतली होती. लग्नानंतरच्या आमच्या बहुतेक संध्याकाळी अशाच गेल्या.

एका ज्येष्ठातली गोष्ट. मी ड्युटीवरून आले तर हे दारातच उभे. एरवी ताट वाढून ठेवत, त्या दिवशी ताटाचा पत्ता नव्हता.

"सुधा, आज वीज ढगाच्या वर चमकली."

"वर कशी चमकेल? वीज खाली येते."

"मलाही ते कळतं. पण वरच होती. ढग तिकडे खाली, बिहारकडे, लुकलुकत होता. त्याच्या खूप वर, मोकळ्या आकाशात, लाल. पानांसकट गाजरांची जुडी टांगावी ना, टोकं खाली, अगदी तशी. डोळा लवायच्या आत गेली."

मी चप्पल काढली, हात-पाय धुतले. हे माझ्या मागे मागे. "तू उद्या लिही ना तुझ्या रिपोर्टमध्ये."

"मी कुठे पाहिली?"

"मी पाहिली ती पुरत नाही?"

"मला पुरते. रिपोर्टला नाही पुरत."

 जेवायला बसलो तेव्हा यांनी मीठ मागितलं तेवढंच. मी काही चूक बोलले नव्हते, आजही तसंच बोलले असते. पण त्या जेवणातली शांतता मला अजून आठवते आणि वाईट वाटतं.

यांनी दुसऱ्या दिवशी भाबडेपणाने गल्लीतल्या पानवाल्यासमोर ही गोष्ट सांगितली. बनारसमध्ये अशी गोष्ट पानाच्या दुकानावर सांगायची नसते. "का गुरु, आज गोला बड़ा हो गइल का?" असं कुणीतरी विचारलं. गोळा म्हणजे भांगेचा. यांनी जन्मात भांगेला हात लावलेला नाही, महाशिवरात्रीलासुद्धा नाही. पण पुढे कित्येक वर्षं हे गल्लीतून निघाले की कुणीतरी आकाशाकडे बोट करून विचारायचं, "गुरु, आज लाल है कि हरा?" हे हसून पुढे जायचे. त्यानंतर यांनी ती वीज बाहेर कुणाला सांगितली नाही. घरात मात्र आम्ही तिला ‘वरची’ म्हणायला लागलो. आकाश मोकळं असलं आणि पूर्वेला चमकत असलं की हे म्हणत, "आज वरची येईल बहुतेक." ती पुन्हा आली नाही.

मग काही वर्षांनी एक कॅप्टनसाहेब आले. तेव्हा वैमानिक पुढच्या प्रवासाच्या हवामानाचे कागद घ्यायला स्वतः आमच्या काउंटरवर येत. कागद घेतले तरी हे साहेब हलेनात. सही करून झाली, पेन खिशात गेलं, तरी उभेच.

"मॅडम, एक बात पूछूँ? लिखिएगा मत."

"पूछिए."

"कल कलकत्ते से आते हुए बिहार की तरफ़ बड़ा बादल था, हमसे काफ़ी दूर. उसके ऊपर, बहुत ऊपर, कुछ लाल दिखा. पेड़ की जड़ों जैसा. बस, दिखा और गया. आप लोगों के यहाँ इसका कोई नाम है?"

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. मी विचारलं, "आपने रिपोर्ट किया?"

"करूँ तो पहले मेरी आँखें जाँची जाएँगी, फिर दिमाग़," असं म्हणून ते हसले आणि निघून गेले.

त्या दिवशी टेंपो मला फार हळू चालतोय असं वाटलं. घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा यांच्या हातातला घास हातातच राहिला. "जडों जैसा म्हणाला?" यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे मी एकटा नाही." आमच्या संसारात मी यांना बरंच काही आणून दिलं असेल, पण इतका आनंद दुसऱ्या कशाने झालेला मला आठवत नाही.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दोन माणसांनी पाहिलं होतं आणि दोघांनीही ते मलाच सांगितलं होतं. आकाशाकडे बघायचं काम माझं, आणि मीच पाहिलेलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर कामाचा प्रश्न तेवढा नव्हता. मला ती वीज एकटीने, विमानतळाच्या दिव्यांखाली उभी राहून बघायचीच नव्हती. मला ती आमच्या छतावर, यांच्या शेजारी बसून बघायची होती, आणि ‘दिसली’ असं यांना सांगायचं होतं. इतक्या वर्षांत यांना कुणी तेवढं सांगितलेलं नव्हतं.

निवृत्तीच्या थोडं आधी विद्यापीठातले एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक कार्यालयात आले. त्यांना आमच्याकडची वादळांची माहिती हवी होती. बोलता बोलता त्यांनी लॅपटॉपवर फोटो दाखवले, आणि मी खुर्चीतून उठलेच. लाल, वर पसरट, खाली बारीक बारीक धागे सुटलेले, आणि त्यांच्या कितीतरी खाली ढगाचा पांढरा उजेड. याला स्प्राइट म्हणतात असं त्यांनी सांगितलं. नाव ऐकून थंड पेय मागवलंय असं आमच्या शिपायाला वाटलं.

त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. नेहमीची वीज ढगाच्या पोटातून जमिनीवर येते. क्वचित एखादी दांडगी वीज ढगाच्या वरच्या अंगातून निघते आणि ढगात साठलेला विजेचा भार एका झटक्यात उपसून जमिनीवर आणते. तेवढ्या क्षणी ढगाच्या माथ्यावर वरच्या आकाशात असा काही ताण पडतो की विमानं उडतात त्याच्या सहा-सात पट उंचीवरची हवा उजळून निघते. तिथे हवा जवळजवळ नाहीच म्हणायची, इतकी विरळ. ट्यूबलाइटच्या नळीत जसा थंड उजेड पडतो, तसाच तोही थंड. लाल दिसतो तो हवेतल्या नायट्रोजनमुळे, आणि खालच्या टोकाशी निळसर होत जातो. सगळं मिळून डोळ्याच्या उघडझापीपेक्षाही कमी वेळ.

"और मॅडम, जिसके सर पर बादल है उसे ये कभी नहीं दिखेगी," ते म्हणाले. "दूर वाले को दिखेगी. वो भी जब बादल थक रहा हो."

धडाधड विजा पाडणारं तरुण वादळ याच्या कामाचं नाही. ओसरत चाललेलं, पसरट झालेलं, मधूनच एखादी मोठी वीज सोडणारं वादळ हवं. म्हणजे आमच्या छतावरून संध्याकाळी दिसतं तसंच. मी त्यांना घरी बोलावलं. यांनी फोटो पाहिले, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून, कारण तोवर यांच्या डोळ्यांत काचबिंदू बराच पुढे गेला होता. प्राध्यापक दोन्ही हात जोडून म्हणाले, "गुरुजी, आपने सही देखा था." हे काहीच बोलले नाहीत. आनंदाने शब्द फुटत नसेल असं मी समजले.

निवृत्त झाल्यावर मी पहिल्या उन्हाळ्यातच यांच्या शेजारी खुर्ची टाकली. बघायची पद्धत प्राध्यापकांनी सांगितली होती. चमकणाऱ्या ढगाकडे बघायचंच नाही. तो छताच्या कठड्याआड झाकला जाईल असं बसायचं, हात लांब करून मूठ धरायची आणि क्षितिजाच्या एक मूठभर वर, नुसत्या अंधाराकडे बघत राहायचं. ऐकायला सोपं आहे. पण कठड्याआडून चमक झाली की माझी मान खाली, मनगटाकडे. इतक्या वर्षांची सवय. घड्याळ काढून ठेवलं तरी मान खालीच. चमक झाली आणि मी माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघतेय, असा आमचा पहिला उन्हाळा गेला.

यांना तेव्हा थोडंफार दिसत होतं. "तू काय बघतेस खाली? वरची खाली येणार आहे का?" असं म्हणून हे हसायचे. मग यांनीच उपाय काढला. माझा डावा हात स्वतःच्या हातात घेऊन बसायला लागले. मान खाली गेली की हात दाबायचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आम्ही नवराबायको छतावर हात धरून बसायला लागलो, हे शेजारच्या छतावरच्या बायकांनी लगेच पाहिलं. "चाची, अब क्या नया प्यार हुआ है?" त्यांनी जाळीतून विचारलं. मी म्हटलं, "सरकारी काम आहे." दोन-तीन उन्हाळ्यांत माझी मान सुटली, पण हात काही कुणी सोडला नाही.

दरम्यान अंधारच कमी होत चालला. घाटांवर मोठमोठे दिवे आले. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या आता संध्याकाळी दुपारसारख्या दिसतात. पलीकडच्या वाळूवरही कसले कसले उजेड पडतात. पाहुण्यांना आवडतं. मीही घाटावर उतरताना पाय घसरत नाही म्हणून त्या दिव्यांना नावं ठेवत नाही. पण छतावर बसलं की जीव तुटतो. यांच्या डोळ्यांतला उजेड दुसऱ्या बाजूने कमी होत होता. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. गेल्या दोन वर्षांपासून यांना काहीच दिसत नाही. तरी संध्याकाळी यांना हाताला धरून वर न्यायचं, झडप उघडायची आणि पूर्वेकडे तोंड करून बसायचं, हे आम्ही सोडलं नाही.

"चमकतंय?" हे विचारायचे.

"चमकतंय. खूप खाली आहे."

"आणि वर?"

"नाही."

मी एकदाही ‘दिसली’ असं म्हटलं नाही. कधी कधी फार मोह व्हायचा. यांना कळलं नसतं, आणि किती आनंद झाला असता. एकदा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण ‘मन से कुछ मत लिखो’ हे अंगात इतकं मुरलेलं की जीभ वळेना. आणि दुसरीही भीती होती. खोटं सांगितलं आणि नंतर खरंच दिसली, तर मग काय सांगणार होते मी?

यंदाच्या ज्येष्ठात, आरती संपून लाउडस्पीकर बंद झाल्यावर, आम्ही असेच वर बसलो होतो. पुरवा, म्हणजे पूर्वेची हवा, सुटली होती. "कुठेतरी पाऊस पडून गेलाय," हे वास घेऊन म्हणाले. पूर्वेला थकलेलं वादळ होतं. बराच वेळ काही नाही, मग कठड्याआडून एक रुंद, संथ उजेड. आणि तेवढ्यात वीज गेली, म्हणजे आपली, तारांमधली. गल्लीत ओरडा झाला. "बत्ती गई! अरे, मोटर तो बंद करो!" खालच्या घाटावरचे दिवेही गेले. एक-दोन इन्व्हर्टरवाल्यांच्या खिडक्या सोडल्या तर आमच्या लग्नानंतरच्या काळातला अंधार परत आला. माझी टाकी भरायची राहिली होती, पण मी उठले नाही.

"सगळं बंद झालं का?" यांनी विचारलं.

"सगळं."

"मग नीट बघ."

मी मूठ धरून जागा पक्की केली आणि वर बघत राहिले. कठड्याआडून चमकलं. काही नाही. पुन्हा बराच वेळ गेला. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी पापणी लववायची भीती वाटत होती. मग चमकलं, नेहमीपेक्षा मोठं, सगळं क्षितिज उजळून.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पण माझा हात यांच्या हातात होता.

"दिसली?" हे म्हणाले.

"दिसली."

"शपथ?"

"शपथ. अहो, ती…"

"थांब," यांनी दुसऱ्या हाताने माझा हात घट्ट धरला. "सांगू नकोस."

मला कळेना.  इतकी वर्षं जे दिसलं ते कळवायचं, आणि लगेच कळवायचं, हेच मी केलं होतं. घशाशी आलेलं होतं सगळं. रंग, उंची, आकार, दिशा.

"ते प्राध्यापकांचे फोटो पाहिले ना मी," हे हळूच म्हणाले, "त्यांत खाली निळं होतं. त्या दिवसापासून माझ्या विजेतही खाली निळं दिसायला लागलं. आधी होतं की नाही, आता आठवत नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय माझ्या. घाट पुसट होत चालले, सुधा. मुलांचे चेहरे पुसट झाले. तुझाही होतो कधी कधी. ती एक उरली आहे माझ्यापाशी थोडी नीट. तू तुझी सांगितलीस तर ती माझीत मिसळेल."

मी यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. शेजारच्या छतावर कुणी नव्हतं, आणि असतं तरी अंधार होता.

"दिसली एवढं मात्र पुन्हा सांग," हे म्हणाले.

मी सांगितलं. यांनी आणखी दोनदा वदवून घेतलं. मग दिवे आले, गल्लीतल्या मुलांनी एकच गिल्ला केला आणि आम्ही खाली आलो.

तेव्हापासून ती माझ्यापाशीच आहे. भांडी घासताना आठवते, घाट चढताना आठवते, आणि आपल्याला काय दिसलं ते ज्या एका माणसाला सांगायचं म्हणून इतकी वर्षं जीव टांगून ठेवला, त्यालाच ते सांगता येत नाही. हा अंक छापून आला की यांना तो मीच वाचून दाखवणार आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. त्यामुळे ती कशी होती ते इथेही लिहिता येत नाही. यांना सांगितलं तेवढंच तुम्हालाही सांगते. दिसली.